प्रत माहितीस्तव

कारभारी गांगुर्डे सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा साहेबांनी निरोपाच्या भाषणात सांगितलं की चौतीस वर्षांत गांगुर्ड्यांच्या टेबलावरून एकही पत्र विषयाशिवाय बाहेर गेलेलं नाही. टाळ्या पडल्या. कारभारींचे डोळे भरून आले. साहेब किती खरं बोलत होते ते मात्र मागच्या खुर्चीवर बसलेल्या लताबाईंनाच ठाऊक होतं. किराणा दुकानात द्यायच्या चिठ्ठीवरसुद्धा 'विषय : तूरडाळ एक किलो मिळणेबाबत' असं लिहिणाऱ्या माणसाबरोबर त्यांनी छत्तीस वर्षं संसार केला होता. अशा माणसाच्या हाती वेबसाइट द्यावी की देऊ नये, याचा विचार कोणीतरी त्याच दिवशी करायला हवा होता. पण त्या दिवशी सगळे समोसे खाण्यात गुंतले होते.

वेबसाइट लताबाईंची. लताबाई शिलाई मशीन दुरुस्त करतात. एक बाई मशीन दुरुस्त करते हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग गुपचूप मशीन घेऊन येतात. जेल रोडच्या मागच्या अंगाला त्यांची कॉलनी, कॉलनीतली शेवटची गल्ली, गल्लीतलं शेवटचं रो-हाऊस, आणि त्याच्या पोर्चमध्ये लताबाईंचं टेबल. त्या गल्लीत चुकलेला माणूससुद्धा येत नाही. तरी वीस वर्षं त्या टेबलावर काम आहे. लताबाईंचं माहेर मालेगावचं. थोरले भाऊ पुंजादादा लूमच्या कारखान्यात मिस्त्री होते. लहानपणी भावाचा डबा पोचवायला गेलेली ही पोरगी डबा ठेवून परत यायचीच नाही, लूमपाशी उभी राहून बघत बसायची. एक दिवस पुंजादादांनी वैतागून तिच्या हातात पाना दिला, आणि तो अजून तिच्या हातातून सुटलेला नाही. बिघडलेलं मशीन डोळ्यांनी बघण्याच्या आधी त्या ते कानांनी बघतात. फोनवरून समोरच्या बाईला चाक फिरवायला सांगतात, डोळे मिटून आवाज ऐकतात आणि म्हणतात, "शटलमध्ये धागा अडकलाय. चिमट्याने काढा, इकडे यायची गरज नाही." ही विद्या त्या इतक्या सहज वापरतात, की घरात कोणाला तिचं कधी कौतुक करावंसं वाटलं नव्हतं. पंख्याचं आपण कुठे कौतुक करतो?

कौतुक वाटलं ते लेकीला. सृष्टी पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. एका मे महिन्यात ती सुट्टीवर आली आणि आईच्या शेजारी स्टूल टाकून आठ दिवस बसली. आई जे बोलेल ते तिने लिहून घेतलं आणि त्याची वेबसाइट केली. तिच्यावर दोनच गोष्टी होत्या. एक, लताबाईंचा पत्ता आणि फोन. दुसरं, 'मशीन अडलं तर आधी हे करा' नावाचं लांबलचक पान. सुई काढून पुन्हा लावा, निम्म्या वेळा ती उलटी लागलेली असते. मशीनमध्ये खोबरेल घालू नका, ते आत गोठतं. आधीच घातलं असेल तर रॉकेलने धुवा आणि एक रात्र थांबा. आणि सगळ्यात शेवटी, 'एवढं करून मशीन चाललं तर माझ्याकडे येऊ नका, जीपचं भाडं वाचवा.' हे पान सुरगाण्यापासून मालेगावपर्यंतच्या बायका वाचत. अर्ध्या जणींची मशीनं तिथेच चालू होत, आणि उरलेल्या अर्ध्या डोळे झाकून लताबाईंचा पत्ता शोधत येत. गूगलमध्ये 'शिलाई मशीन दुरुस्ती नाशिक' असं घातलं की पहिलं नाव लताबाईंचं.

पुढे सृष्टीला बाळ झालं आणि वेबसाइटच्या किल्ल्या वडिलांकडे आल्या. तिने फोनवर बजावून सांगितलं, "बाबा, फक्त अधूनमधून बघत राहा. काही करू नका." आता निवृत्तीनंतर दोन वर्षांत कोणी काही सोपवलं नव्हतं अशा माणसाला 'काही करू नका' हे ऐकू येईल का? कारभारींना फक्त कार्यभार सोपवल्याचं ऐकू आलं. त्यांनी नवीन फाइल उघडली, तिला हिरवी नाडी लावली आणि रोज सकाळी साडेदहाला लताबाईंचा क्रमांक तपासायला सुरुवात केली.

तीन महिने पहिला क्रमांक होता. एका सोमवारी तो दुसरा झाला.

समोरच्या घरातल्या महेश बोरस्त्याला हे कळायला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण कारभारी गेटपाशी असे उभे होते की कोणालाही घरात काही बरंवाईट झालंय असं वाटावं. महेशचा केटरिंगचा धंदा. लग्नाच्या जेवणाबरोबर सल्लाही वाढायची त्याला सवय. तो म्हणाला, "काका, नुसती साइट असून भागत नाही. दुसऱ्यांच्या साइटवर आपलं नाव पाहिजे. जेवढे जास्त लोक आपलं नाव घेतील, तेवढं गूगल आपल्याला मानतं. मी तुमचं लावतो, तुम्ही माझं लावा."

कारभारींना इंटरनेट आयुष्यात पहिल्यांदाच लख्ख समजलं. हे तर लग्नपत्रिकेसारखं झालं. ज्याच्या पत्रिकेत नावं जास्त तो माणूस मोठा, आणि ज्याने आपलं नाव छापलं त्याचं नाव आपण छापायचं. यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या जेल रोडवर कोणी नव्हतं. सृष्टीच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी एकशे चौसष्ट नावं बसवली होती, तीही मानाच्या क्रमाने, आणि तरी सुटलेल्या दोन घरांशी आजतागायत बोलणं नाही. पत्रिकेतली चूक जन्मभर पुरते, हा धडा ते शिकले होते. म्हणून यावेळी कोणालाही सोडायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

नात्यागोत्यात आणि ओळखीपाळखीत ज्यांच्या ज्यांच्या वेबसाइट होत्या, त्या सगळ्यांची त्यांनी यादी केली. सदतीस निघाल्या. पुंजादादांचं मालेगावातलं लूमच्या सुट्या भागांचं दुकान, महेशचं केटरिंग, एक मंगल कार्यालय, एक डीजे, दोन क्लास, एक फिजिओथेरपिस्ट, द्राक्षाची एक रोपवाटिका आणि एक बोअरवेलवाला. सगळ्यांना त्यांनी परिपत्रक पाठवलं. आता परिपत्रक म्हटलं की विहित नमुना आलाच. प्रत्येकाने आपापल्या मनाने काहीबाही लिहिलं तर शोभा काय राहणार? त्यांनी मजकूर ठरवून दिला : 'नाशिकमधील सर्वोत्तम व विश्वासार्ह शिलाई मशीन दुरुस्ती : सौ. लताबाई गांगुर्डे.' खाली टीप, 'कृपया शब्दांत बदल करू नये.' माणसं चांगली. सदतीसही जणांनी तो मजकूर जसाच्या तसा, मधल्या अपूर्णविरामासकट, आपापल्या साइटवर लावला. डीजेने तर तो उघडझाप करणाऱ्या लाल अक्षरांत लावला.

आहेर आला की परत करावा लागतो. कारभारींनी लताबाईंच्या साइटवर सगळ्यात वर 'आमचे आप्तेष्ट व हितचिंतक' असा मथळा घातला आणि सदतीस नावं लावली. पहिला मान मामाचा म्हणून पुंजादादा एक नंबरवर. फिजिओथेरपिस्ट डीजेच्या खाली आला म्हणून कुरकुरला, तेव्हा दोघांना एका ओळीत बसवलं. रोपवाटिकावाल्याच्या व्याह्याचं नाव नव्हतं, तेही आलं, जरी व्याह्याची वेबसाइट तीन वर्षांपासून बंद होती. या सगळ्यात 'मशीन अडलं तर आधी हे करा' हे पान हळूहळू खाली सरकत बोअरवेलच्याही खाली गेलं. लताबाईंनी एकदा फोनवर ते बघितलं आणि विचारलं, "अहो, मशीनवालीच्या पानावर बोअरवेल कशाला?" कारभारी म्हणाले, संबंध राखावे लागतात. लताबाई पुन्हा कामाला लागल्या.

दोन आठवडे लताबाई परत पहिल्या होत्या. कारभारी त्या दिवसांत जॉगिंग ट्रॅकवर जरा सावकाश चालत, म्हणजे लोकांना गाठता यावं.

आणि एका गुरुवारी लताबाई नाहीशा झाल्या. दुसऱ्या नव्हत्या, दहाव्या नव्हत्या. कारभारींनी चष्मा पुसून चौदा पानं उलटली. बंद पडलेली दुकानं दिसली, शिलाईचे क्लास दिसले, कोण्या परराज्यातली मशीन विकणारी कंपनी दिसली. ज्या बाईच्या हाताखालून अर्ध्या जिल्ह्याची मशीनं गेली होती, तिचं नाव तेवढं नव्हतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. ट्रॅकवरच्या निवृत्त मंडळींनी ठरवलं की गूगलला आपल्या नावाचा विसर पडलाय, तर रोज सकाळी सगळ्यांनी मिळून ते शोधायचं, म्हणजे त्याला सवय लागेल. चार दिवस अकरा ज्येष्ठ नागरिक प्राणायामानंतर ओळीने बाकावर बसून लताबाईंना शोधत होते. त्यातल्या तिघांनी चुकून दुसरंच काही दाबलं आणि एकाच्या घरी नवं कोरं शिलाई मशीन येऊन पडलं. कोणी म्हणालं, वरपर्यंत ओळख काढा. हैदराबादला गूगलच्या इमारतीत कोणाचा तरी भाचा असल्याचं निघालं. चौकशी केली तेव्हा तो तिथल्या कँटीनला भाजी पुरवणाऱ्याकडे होता. तरीही कारभारींनी त्याचा नंबर लिहून ठेवला.

तिकडे पोर्चमधला फोन वाजेनासा झाला. हे मात्र गमतीत सांगण्यासारखं नाही. फोन वाजला की पान्यावर हात तसाच ठेवून, मान वाकडी करून फोन खांद्याशी धरायची लताबाईंची सवय. आता त्या मधूनच मान वाकडी करत आणि मग सरळ करत. त्यांनी स्वतःच्या मशीनला एका आठवड्यात तीनदा तेल घातलं. टेबलावरचे स्क्रू मापाप्रमाणे लावले, पुन्हा विस्कटले, पुन्हा लावले. कारभारींना त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

शेवटी त्यांनी सृष्टीला सांगितलं. तिने पुण्याहून खातं उघडून बघितलं. गूगलचा निरोप नऊ दिवसांपासून खात्यात पडून होता. हा यंत्राने आपोआप घेतलेला निर्णय नव्हता. तिकडच्या कोणा माणसाने साइट स्वतः तपासून शेरा मारला होता, की या साइटला बाहेरून आलेले आणि हिच्यावरून बाहेर गेलेले दुवे, म्हणजे लिंक, नैसर्गिक नाहीत, क्रमांक वाढवण्यासाठी ठरवून लावलेले आहेत. सदतीस ठिकाणी एकच वाक्य, शब्द तेच, विरामचिन्हं तीच. "बाबा, कोणी खरंच कौतुक केलं तर सदतीस जण सदतीस तऱ्हेने करतील ना?" सृष्टी एवढंच म्हणाली.

कारभारी आत जाऊन पडले. चौतीस वर्षांत त्यांना कधी मेमो मिळाला नव्हता. उलट दुसऱ्यांना द्यायच्या मेमोंचा मसुदा तेच करत. आणि आता उतारवयात, तेही विहित नमुन्याच्या अपराधाबद्दल, कारणे दाखवा नोटीस. ते छताकडे बघत पडून होते, तेव्हा बाहेर फोन वाजला आणि लताबाईंचा आवाज आला. फोन हरसूलच्या भागीबाईंचा होता. त्यांच्या बचत गटाकडे सहा मशीनं होती, शाळेच्या गणवेशाचं काम मिळालं होतं, आणि पावसाळाभर झाकून ठेवलेली सहाच्या सहा मशीनं जाम झाली होती. त्यांनी मोबाइलमध्ये लताबाईंना शोधलं, त्या सापडल्या नाहीत, म्हणून एक मशीन पोत्यात घालून शहरातल्या एका दुकानात नेलं. दुकानदाराने बघून सांगितलं, भंगार आहे, नवीन घ्या. शेवटी भागीबाईंनी जुन्या वहीत कुठेतरी लिहिलेला नंबर शोधून काढला.

"बाई, तुमी काम बंद केलं का काय?" भागीबाईंचा आवाज स्पीकरवर ऐकू येत होता. "मोबाइलमधी तुमचं नावच नाय. आमाला वाटलं, काय झालं असंल बरंवाईट."

लताबाई म्हणाल्या, चाक फिरवून दाखवा. करकर ऐकली आणि म्हणाल्या, भंगार नाही, रॉकेलमध्ये ठेवा, मी येते.

कारभारी उठून बसले. भागीबाईंनी वही ठेवली होती. ज्यांनी ठेवली नव्हती त्या किती जणी भंगारवाल्याकडे गेल्या असतील, हा हिशेब त्यांच्याच्याने पुरा होईना. ते बाहेर येऊन म्हणाले, "लता, चूक माझी आहे." लताबाईंनी वर न बघता उत्तर दिलं, "मग उघडा आणि नीट जोडा. आधी सगळं उघडायचं, मध्येच ठोकायचं नाही."

काय करायचं ते सृष्टीने सांगितलं. आपल्या साइटवरची यादी काढायची. सदतीस जणांना त्यांच्याकडचं वाक्य काढायला सांगायचं. जे काढणार नाहीत त्यांची नावं एका फाइलमध्ये लिहून गूगलला कळवायचं की हे दुवे जमेस धरू नका. मग झालं ते सगळं खरंखरं लिहून फेरविचाराचा अर्ज करायचा. कारभारींनी विनंतीची पत्रं पाठवली. आठ दिवसांत सहा जणांनी वाक्य काढलं. बाकीचे 'बघतो', 'पोराला सांगतो', 'लग्नसराई संपू द्या' म्हणाले. मग कारभारींनी उरलेल्या एकतीस नावांचा तक्ता केला. अनुक्रमांक, संस्थेचे नाव, पत्ता, शेरा. वर ठळक अक्षरांत, 'विषय : खालील संस्थांशी आमचा कोणताही संबंध ग्राह्य न धरणेबाबत.'

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण कागद पुरा झाला की चौतीस वर्षांचा हात आपोआप डाव्या कोपऱ्यात जातो. तिथे त्यांनी लिहिलं, 'प्रत माहितीस्तव : वरील सर्व संबंधित.' आणि ज्याचा संबंध त्याला कागद गेलाच पाहिजे, या नियमाने त्यांनी तो सर्व संबंधितांना पाठवून दिला.

गांगुर्ड्यांनी एकतीस घरांशी संबंध तोडल्याची बातमी दुपारी दोनपर्यंत पार सटाण्याला पोचली. फिजिओथेरपिस्ट कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडला, आणि आपण बाहेर पडलो हे कोणाला कळलं नाही म्हणून परत आत येऊन पुन्हा बाहेर पडला. मंगल कार्यालयवाल्यांनी विचारलं, आमच्याकडून काय कमी झालं ते तरी सांगा. महेश बोरस्त्याच्या घरून लताबाईंची वाटी परत आली, आणि ती रिकामी होती. अकरा वर्षांत ती वाटी कधी रिकामी परत आली नव्हती. लताबाईंनी ती धुतलेली वाटी पुन्हा एकदा धुतली.

पण एक गोष्ट झाली. आठ दिवसांच्या अजिजीने जे झालं नव्हतं ते अपमानाने तासाभरात झालं. तीस जणांनी संतापून, त्याच दुपारी, लताबाईंचं नाव आपापल्या साइटवरून पुसून टाकलं. सृष्टीने फोन करून विचारलं, "बाबा, तुम्ही हे जमवलं कसं? लोकांना यात महिने जातात." कारभारींनी सांगितलं नाही.

राहिले एकटे पुंजादादा. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मालेगावहून आले. हातात तक्त्याची छापील प्रत, तिची चौपदरी घडी. जय भीम झाला, पाणी झालं. दादांनी कागद टेबलावर पसरला आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. अनुक्रमांक एक.

"दाजी, हाई काय शे?" ते हळूच, आपल्या अहिराणीत म्हणाले. "संबंध नही म्हणता. तेबी पहिल्या नंबरले."

कारभारी चाचरत म्हणाले, मानाच्या क्रमाने लावलं, मामा म्हणून पहिले. हे ऐकून दादांचा चेहरा आणखी पडला. सर्च इंजिन, दुवे, नैसर्गिक, अनैसर्गिक, असं कारभारी जितकं समजावत गेले तितकं ते जास्त वाईट ऐकू यायला लागलं. बहिणीच्या आणि आपल्या नात्याला कोणी परक्याने अनैसर्गिक ठरवलं आणि दाजींनी ते मान्य केलं, एवढंच दादांच्या पदरात पडलं.

लताबाईंनी पाना खाली ठेवला. त्या भावाजवळ येऊन बसल्या. "दादा, तू माझ्या हातात पाना दिलास तेव्हा कुठे लिहून दिलं होतंस का?"

दादांनी कागदावरचं बोट उचललं.

"यांनी वाक्य लिहून दिलं आणि तू ते लावलंस. ते तुझं बोलणं कुठे होतं? 'सर्वोत्तम व विश्वासार्ह' असं तू जन्मात कधी बोललास का? ते काढ. मला यांचं वाक्य तुझ्या दुकानावर नको."

दादांनी कागदाची पुन्हा चौपदरी घडी घातली. मग टेबलावरचं उघडं मशीन बघून त्यांनी सवयीने चाक फिरवलं, कान दिला आणि म्हणाले, बॉबिन केस घासतेय. लताबाई म्हणाल्या, बॉबिन केस नाही, सुईची दांडी. दादांनी वाकून बघितलं. दांडीच होती. जेवून जाताना त्यांनी स्वतःच्या हाताने फोनवर ते वाक्य काढलं, आणि गेटपाशी उभ्या असलेल्या महेशला थांबवून सगळा प्रकार आपल्या पद्धतीने सांगितला. काय सांगितलं ते कळलं नाही, पण संध्याकाळी महेशच्या घरून वाटीभर शेवभाजी आली.

उरला अर्ज. सृष्टी म्हणाली होती, काय चुकलं, ते कसं निस्तरलं आणि पुढे काय करणार, ते काहीही न लपवता लिहायचं. तिच्या म्हणण्याप्रमाणे लोक इथेच आपटतात. कोणी दोन ओळी खरडतात, कोणी दुसऱ्यावर ढकलतात, कोणी गयावया करतात. आणि इथे मात्र कारभारी गांगुर्ड्यांची उंची कळते. घटनाक्रम तारखेनिशी लिहायचा, जोडपत्रं लावायची, जबाबदारी निश्चित करायची, यात त्यांनी हयात घालवली होती. जन्मभर ज्या लिहिण्याला लोक हसले, नेमकं तेच जगाच्या त्या टोकाला कोणालातरी हवं होतं. नोंदपोच डाकेचा पत्ता नाही, सही करायला जागा नाही, शिक्का कुठे मारायचा ते दिलेलं नाही, या अडचणींवर ते नाइलाजाने पाणी सोडायला तयार झाले. तीन दिवसांत अकरा पानं झाली. परिपत्रकाचा नमुना, सदतीस नावं, प्रत्येकाला पत्र गेल्याची आणि वाक्य निघाल्याची तारीख. 'वरील कृत्य निम्नस्वाक्षरीकाराने अज्ञानाने परंतु स्वेच्छेने केले' असं त्यांनी लिहिलं, आणि महेशचं नाव सल्लागार म्हणून घालायचा मोह झाला तो टाळला.

सृष्टीने इंग्रजी करताना अकराची दोन पानं केली. कारभारींनी सगळं कापू दिलं, फक्त सातवा परिच्छेद कापू दिला नाही. तो मराठीत असा होता :

'सदर वेबसाइटवरील सर्व चुका निम्नस्वाक्षरीकाराच्या असून सौ. लताबाई यांचा त्यांत कोणताही सहभाग नाही. त्यांचे काम खरे आहे. त्यांनी दुरुस्त केलेले मशीन त्याच बिघाडासाठी परत आल्याचे निम्नस्वाक्षरीकाराने वीस वर्षांत पाहिलेले नाही. ज्यांना येण्याची गरज नाही त्यांना त्या येऊ नका असे सांगतात. निम्नस्वाक्षरीकाराने ही बाब यापूर्वी लेखी वा तोंडी कोठेही नमूद केलेली नाही, ती स्वतंत्र चूक समजावी. कारवाई करणे झाल्यास ती माझ्यावर करावी, त्यांच्या नावावर करू नये.'

अर्ज गेला. मराठी प्रत टेबलावर राहिली, आणि कारभारींचा हात पुन्हा डाव्या कोपऱ्याकडे गेला. 'प्रत माहितीस्तव :' एवढं लिहून ते थांबले. मागची वेळ आठवली. मग त्यांनी एकच नाव लिहिलं, कागद लताबाईंच्या बॉबिनच्या डब्याखाली ठेवला आणि उगाच दूध आणायला निघून गेले, जरी दूध सकाळीच येऊन गेलं होतं. परत आले तेव्हा कागद तिथे नव्हता. रात्रीच्या जेवणात बोंबलाची चटणी होती, यावरून निदान राग नाही एवढा अंदाज कारभारींनी बांधला.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. कारवाई मागे घेतली होती. अकरा दिवसांत आपल्याकडे पत्राची पोचसुद्धा येत नाही, म्हणून कारभारींनी आदराने त्याची छापील प्रत काढली आणि तिच्यावर 'आवक क्र. १' घातला. लताबाई लगेच वर आल्या नाहीत. आधी सातव्या पानावर दिसल्या, मग तिसऱ्या. कारभारी रोज साडेदहाला बघत, आणि काहीही करत नसत. हे काहीही न करणं त्यांच्या नोकरीतल्या कुठल्याही कामापेक्षा अवघड होतं. साइटवर आता पुन्हा दोनच गोष्टी होत्या. हरसूलला दोन दिवस राहून लताबाईंनी सहाही मशीनं चालू केली, दुकानदाराने भंगार ठरवलेलं धरून, आणि येताना तिथल्या दोन बायकांच्या हातात पाना देऊन आल्या.

मग एके दिवशी सृष्टीने पुंजादादांच्या दुकानाच्या साइटवरचं काही पाठवलं. दादांनी कोणी न सांगता लिहिलं होतं : 'मनी बहीण लता नाशिकले शिलाई मशीन दुरुस्त करस. मीच शिकाडेल शे. आते मनापेक्षा हुशार शे.' खाली लताबाईंच्या साइटचा दुवा. विषय नाही, नमुना नाही, ठळक अक्षरं नाहीत. कारभारींनी ते तीनदा वाचलं. परतीचा आहेर करायला त्यांचे हात शिवशिवले, ते त्यांनी पाठीमागे बांधले. "राहू द्या बाबा," सृष्टी म्हणाली, "याला म्हणतात दुवा."

त्याच आठवड्यात चष्म्याचा स्क्रू पडला म्हणून कारभारींनी लताबाईंच्या मशीनचा खण उघडला. सुया होत्या, बॉबिन होत्या, खडू होता. त्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत, तेलाचा डाग लागू नये अशी नीट घडी घातलेली, अर्जाची मराठी प्रत होती. इतकी वर्षं नवऱ्याच्या फायली घरात बघितल्यामुळे लताबाईंना शेरा कुठे मारतात ते ठाऊक होतं. सातव्या परिच्छेदाशेजारी, समासात, पेन्सिलीने लिहिलं होतं :

'वाचले. उशीर झाला आहे, तरी मान्य. दप्तरी दाखल.' खाली सही, आणि तारीख.